मावशी, गेन कमी कर!

पन्नाशीनंतर बाईने काही नवं शिकायला घेतलं की लोक कौतुक करतात. जलरंग, बोन्साय, भजनी मंडळ, फार तर फ्रेंच. मी इलेक्ट्रिक गिटारवर मेटलकोअरचा आवाज जमवायला बसले, तेव्हा कौतुकाचा प्रश्नच आला नाही. आम्ही मयूर विहार फेज वनमध्ये राहतो. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मल्याळी गृहस्थ एका संध्याकाळी वर आले आणि अतिशय सौजन्याने म्हणाले, "मॅडम, पानी की मोटर में कुछ फँस गया है क्या?" मोटर बंद होती. ती मी होते.

गिटार माझ्या बहिणीच्या मुलाची. दिल्लीत शिकत असताना तो आमच्याकडेच राहायचा. नोकरी लागून पुण्याला गेला आणि जाताना गिटार, लॅपटॉपला जोडायचा छोटा ऑडिओ इंटरफेस, एक हेडफोन आणि एक बारका स्पीकर मागे ठेवून गेला. "मावशी, धूळ खाऊ देऊ नकोस," एवढंच म्हणाला. माझं संगीताशी नातं तानपुऱ्याचं. विनयचंद्र मौद्गल्यांनी १९३९ मध्ये दिल्लीत सुरू केलेल्या गांधर्व महाविद्यालयात मी काही वर्षं गाणं शिकले. मैफलीत बसण्याइतका गळा तयार झाला नाही, पण कान बऱ्यापैकी झाला.

या कानाला मेटल कसं रुचलं, हे मलाही नीट सांगता येत नाही. भाचा घरात असताना ते भिंतीपलीकडून यायचंच. ब्लडीवूड हा दिल्लीचाच बँड. २०१६ मध्ये उभा राहिला. त्यातला करण कटियार कॉर्पोरेट वकिली सोडून गिटारकडे वळला, आणि त्यांच्या २०२२ मधल्या 'रक्षक' या अल्बममध्ये गिटारच्या खांद्याला खांदा लावून ढोल वाजतो. स्कायहार्बर हा दुसरा बँड तर केशव धर यांनी दिल्लीत घरच्या घरी रेकॉर्डिंग करत सुरू केलेला. मुंबईच्या स्क्राइबने आपल्या अल्बमला 'मार्क ऑफ तेजा' असं नाव दिलं, तेव्हा ही मंडळी दिसतात तितकी रागीट नसावीत, अशी शंका मला आली. ऐकता ऐकता एका गोष्टीने पकडलं. सगळी वाद्यं एकदम कोसळतात आणि पुढच्याच क्षणी एकदम थांबतात. त्या थांब्यात काहीही उरत नाही. तारेची थरथर नाही, शेपटी नाही, घोंघाट नाही. समेवर येऊन थांबणं मला ठाऊक होतं. पण इतका प्रचंड आवाज करून इतकं कोरडं थांबता येतं, हे ठाऊक नव्हतं. मला तो थांबा हवा होता.

मेटलकोअर म्हणजे अमेरिकेतल्या हार्डकोअर पंक आणि मेटल यांचा १९९० च्या दशकात जुळलेला संसार. किलस्विच एंगेजचे २००२ चा 'अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग' आणि २००४ चा 'द एंड ऑफ हार्टेक' हे दोन अल्बम या घराण्यात नमुन्यासारखे ऐकले जातात. गिटारचा सूर खाली उतरवलेला, उजव्या तळहाताने तारा अर्धवट दाबून काढलेले तुटक आघात, आणि मधूनच लय निम्मी करून मारलेले जड ठोके. भाचा त्या तुटक आघाताला 'चग' म्हणतो. उच्चारून पाहिलं की नाद कळतो.

लॅपटॉपवर भाच्याने अँपचं सॉफ्टवेअर टाकून ठेवलं होतं. पडद्यावर अँपचं चित्र आणि त्यावर गेन, बेस, मिड, ट्रेबल, प्रेझेन्स अशा खुंट्या. रागीट संगीत आहे म्हणून गेन पूर्ण. जड संगीत आहे म्हणून बेस पूर्ण. मिड कशाला लागतो ते कळेना, म्हणून शून्य. हा हिशेब कोणीही असाच मांडला असता. तार छेडली आणि कानात एक जाड, केसाळ ढग पसरला. एक आघात आणि दुसरा आघात यांच्यामध्ये फटच नव्हती. हात तारेवरून उचलला तरी आवाज चालू. गिटार मांडीवर ठेवली तरी चालू.

भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. त्याने काही सेकंद ऐकलं.

"मावशी, गेन कमी कर."

"किती?"

"निम्मा. मग अजून थोडा."

"मग ते मेटल राहील का?"

"आत्ता कुठे आहे?"

गेन म्हणजे आवाज मोठा करणं, असा माझा समज होता. तसं नाही. गिटारमधून येणारी विजेची लाट अँपच्या पहिल्या टप्प्यात इतकी फुगवतात की तिचे शेंडे छाटले जातात. शेंडे छाटले की मूळ सुरात नसलेले वरचे स्वर तयार होतात. डिस्टॉर्शन ते हेच. इथवर मला आपलेपणा वाटला. तानपुऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून आपण जवारी काढतो, तेव्हा तारेच्या पोटातले स्वर बाहेर आणण्याचाच खटाटोप असतो. पण छाटणीचा दुसरा परिणाम तानपुऱ्यात नाही. शेंडे कापल्यामुळे मोठा आघात आणि बारीक खरखर यांच्यातलं अंतर मिटतं. तारेवर बोट घासल्याचा आवाज, शेजारच्या तारेची थरथर, विजेचा गुणगुणाट, सगळंच आघाताच्या बरोबरीने वर येतं. आघाताची धार जाते आणि मागचा कचरा पुढे येतो. गेन पूर्ण असताना मला ढग ऐकू आला तो यामुळे. ध्वनिमुद्रणात जे अक्राळविक्राळ वाटतं, त्यातला गेन पुष्कळदा आपल्या अंदाजापेक्षा बराच कमी असतो.

गेन निम्म्यावर आणल्यावर ढग विरळ झाला आणि त्याच्या मागे दडलेला गुणगुणाट उघडा पडला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिचा गुंजारव आणि त्याचे वरचे स्वर तारांची थरथर टिपणारा गिटारचा पिकअप अँटेनासारखे ओढून घेतो. एका वेटोळ्याचा पिकअप जास्त ओढतो. दोन उलट्या वेटोळ्यांचा हंबकर ते एकमेकांत बरंचसं कापून टाकतो. माझ्या गिटारला हंबकर होते, तरीही गुणगुण होतीच. तारांना हात लावला की कमी व्हायची, हात काढला की वाढायची. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवला तर निम्मी गेली. वीज गेल्यावर इन्व्हर्टर सुरू झाला की मात्र कर्कश बझ यायचा. साध्या इन्व्हर्टरची लाट गोलाईची नसते, चौकोनी असते, आणि तिचे कोपरे ऐकू येतात. शेवटी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने त्या खोलीतलं सॉकेट उघडलं आणि मान हलवली. तीन भोकांच्या सॉकेटमध्ये अर्थिंगची तारच जोडलेली नव्हती. "मॅडम, तीसरा छेद सिर्फ़ दिखाने का है." तार जोडल्यावर उरलेली गुणगुण जवळपास संपली. गिटार शिकताना घराचं वायरिंग दुरुस्त होईल, असं मला कोणी सांगितलं नव्हतं. पण दिल्लीतल्या जुन्या घरात हाय-गेन वाजवायचं असेल, तर पहिली तपासणी सॉकेटची. जिवाच्या दृष्टीनेही.

मग सुराकडे वळले. इथे मला वाटलं होतं की मी भाच्यापेक्षा हुशार ठरेन. गिटारची नेहमीची सर्वांत खालची तार ई, सुमारे ८२ हर्ट्झ. मेटलकोअरमध्ये बऱ्याचदा ड्रॉप सी लावतात. सगळ्या तारा एक स्वर उतरवायच्या आणि सर्वांत जाड तार आणखी एक स्वर खाली, म्हणजे सुमारे ६५ हर्ट्झवर. मग खालच्या तीन तारा येतात सी, जी, सी. हे ऐकून मी फोनवरच हसले. सा, प, सा! एका बोटाने तिन्ही तारा कुठेही आडव्या दाबल्या की षड्ज-पंचमाची जोडी तयार. गिटारवाले तिला पॉवर कॉर्ड म्हणतात.

या संगीतात पंचमाचाच एवढा पगडा का, याचं उत्तर मला कानानेच मिळालं. मी हौसेने मधे गंधार घालून पाहिला. स्वच्छ आवाजात गोड लागला; डिस्टॉर्शन चढवताच चिखल झाला. दोन स्वर एकत्र छाटणीतून गेले की त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे नवे स्वर निघतात. षड्ज-पंचमाचं प्रमाण दोनास तीन. वजाबाकीतून निघणारा स्वर थेट खालच्या सप्तकातला षड्ज, म्हणून घर पक्कं राहतं. गंधाराचं प्रमाण चारास पाच, तिथे जास्त गर्दी होते. त्यात गिटारच्या मानेवरच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, समान स्वरांतरांच्या हिशेबाने बसवलेल्या असल्याने तिचा गंधार तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. पंचम मात्र जेमतेम २ सेंटने ढळलेला. गुरुजी स्वयंभू गंधार ऐकवायला तानपुऱ्याशी किती वेळ घालवायचे! तो फरक इथे हाय-गेन अँपने एका झटक्यात दाखवला.

ड्रॉप सी लावला खरा, पण तारा चपलेच्या तुटलेल्या अंगठ्यागत लोंबायला लागल्या. गिटारवर ९ ते ४२ चा संच होता, म्हणजे सर्वांत बारीक तार इंचाच्या ९ सहस्रांश आणि सर्वांत जाड ४२ सहस्रांश. नेहमीच्या सुराला हे ठीक. इतकं खाली आणल्यावर ताण राहत नाही. जोरात छेडलं की तार क्षणभर चढते आणि मग मूळ सुरावर घसरते. दर आघाताला हा झोका. अँप कितीही चांगला असो, हा सैलपणा तारेतला आहे, तो पुढे कुठेच दुरुस्त होत नाही. भाचा म्हणाला, "११ ते ५६ चा संच घे."

मयूर विहारहून मेट्रोची ब्लू लाइन पकडायची, मंडी हाउसला उतरून व्हायलेट लाइन, मग दिल्ली गेट. तिथून दर्यागंजमधली वाद्यांची दुकानं चालत. काउंटरवरच्या मुलाने माझ्याकडे पाहिलं, केसांतल्या पांढऱ्या पट्ट्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बेटे के लिए?" मी म्हटलं, "मेरे लिए. ड्रॉप सी." त्याचा चेहरा उजळला. पुढे बराच वेळ त्याने मला सोडलं नाही. जाड तार बसवायची तर मानेच्या टोकाशी असलेल्या नटची खाच थोडी रुंद करावी लागते, नाहीतर तार अडकून सुरात राहत नाही. ताण बदलला की मान सरळ ठेवणारा आतला ट्रस रॉड पाहावा लागतो. आणि घोडीवरची (ब्रिजवरची) प्रत्येक तारेची बैठक पुढेमागे करून बाराव्या फ्रेटवरचा सूर जुळवावा लागतो. तारेच्या बरोबर मध्यावर नुसतं बोट टेकवून काढलेला हार्मोनिक आणि तिथेच दाबून काढलेला सूर एकच यायला हवा. दाबलेला चढा आला तर बैठक मागे, उतरला तर पुढे. हे सगळं तिथल्या एका कारागिराने माझ्यासमोर केलं. दिल्लीच्या कोरड्या हिवाळ्यात आणि ओल्या पावसाळ्यात मान हलते, तेव्हा वर्षातून दोनदा दाखवत जा, असंही बजावलं. सोबत दीड मिलिमीटरच्या आसपासची जाड पिक घ्यायला लावली. पातळ पिक वाकते आणि आघात उशिरा बसतो.

घरी येऊन वाजवलं. ढग नव्हता, झोका नव्हता, तरी खालच्या तारेवरचा प्रत्येक आघात 'धब्' असा पसरत होता. बेस कमी केला तर आवाज किरटा. वाढवला तर पुन्हा धब्. इथे भाच्याने जे सांगितलं ते मला सर्वांत उफराटं वाटलं. अँपच्या आधी आणखी एक डिस्टॉर्शन लावायचं, आणि त्याचं डिस्टॉर्शन शून्यावर ठेवायचं.

हे आधीचं डिस्टॉर्शन म्हणजे ट्यूब स्क्रीमर नावाचं हिरवं खोकं. जपानी आयबानेझ कंपनीने १९७० च्या दशकाच्या अखेरीस आणलेला हा पेडल स्टीव्ही रे व्हॉनसारख्या ब्लूज वादकांमुळे नावारूपाला आला. ब्लूजमधला सौम्य पेडल मेटलवाल्यांना कशाला? त्याच्या सर्किटमुळे. सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचे स्वर तो उतरत्या प्रमाणात कमी वाढवतो, अगदी वरची टोकंही बोथट करतो आणि मधला भाग पुढे काढतो. जाड तारेच्या खर्जात सर्वांत जास्त ताकद असते. ती तशीच अँपमध्ये घुसली की छाटणीची सगळी जागा तीच अडवते आणि बाकीचं गुदमरतं. तो 'धब्' म्हणजे हे गुदमरणं. म्हणून अँपच्या दारातच खर्जाला थोडं थोपवायचं, आणि छाटणी झाल्यानंतर अँपच्या बेसच्या खुंटीने हवा तेवढा परत घ्यायचा. पेडलवर ड्राइव्ह शून्य, लेव्हल जवळजवळ पूर्ण, टोन मध्यावर. अँपचा गेन त्यामुळे आणखी कमी करता येतो.

मागे अँप कुठला, तर सॉफ्टवेअरमध्ये पीव्ही ५१५० ची नक्कल होती. एडी व्हॅन हेलन आणि पीव्ही कंपनीने १९९२ मध्ये आणलेला हा अँप. पुढे दोघांचे रस्ते वेगळे झाले आणि तोच ६५०५ या नावाने विकला जाऊ लागला. रॉक वादकासाठी घडवलेला अँप आणि ब्लूजवाल्यांचा पेडल यांची जोडी मेटलकोअरचं घरगुती वाद्य होऊन बसली. मी सॉफ्टवेअरमधला हिरवा पेडल चालू केला, तोच आघात पुन्हा मारला, आणि पहिल्यांदा 'धब्' चा 'डग्' झाला. खुर्चीत नीट बसले.

आता थांबा जमायला हवा होता. गाणं थांबलं की मागे हिस्स चालू राहायची. तिच्यासाठी नॉइज गेट असतो: ठरवलेल्या पातळीखाली आवाज गेला की दार लावून घेणारा. मला वाटलं, सापडलं. पातळी चढवत नेली. हिस्स गेली, थांबा कोरडा झाला, पण मग लांबवलेला सूर मरायच्या आधीच कापला जाऊ लागला आणि हलके आघात दाराबाहेरच राहू लागले. पातळी उतरवली तर हिस्स परत. हा खेळ बराच चालला. भाच्याने एक उपाय सांगितला. गेटने निर्णय घ्यायचा तो गिटारमधून येणाऱ्या स्वच्छ सिग्नलवरून, आणि दार लावायचं ते डिस्टॉर्शनच्या पुढे. छाटलेल्या आवाजात मोठं-लहान कळत नाही; स्वच्छ सिग्नलमध्ये तार कधी थांबली ते गेटला अचूक कळतं. पुष्कळ सुधारणा झाली. तरीही माझा थांबा आणि रेकॉर्डमधला थांबा यांत काहीतरी फरक राहिलाच.

"मावशी, कॅमेरा उजव्या हातावर ने."

नेला.

"तू थांबतेसच कुठे? गेट थांबतोय."

खरं होतं. चगमध्ये उजव्या हाताची करंगळीकडची कड घोडीच्या अगदी जवळ तारांवर टेकलेली असते. जरा पुढे सरकली की सूर मरून नुसता 'टक' उरतो. जरा मागे गेली की तार मोकळी वाजते. मधली जागा काही मिलिमीटरची. शिवाय डावा हातही मोकळा नसतो. वाजत नसलेल्या तारांवर त्याची बोटं पसरून त्यांना गप्प ठेवायचं काम त्याचं. आणि थांब्याच्या क्षणी दोन्ही हात एकदम तारांवर यायला हवेत. मला आजवर सूर लावणं शिकवलं होतं, सूर टिकवणं शिकवलं होतं. सूर वेळेवर मारणं कोणी शिकवलं नव्हतं.

मग मी अँप बंद केला. डिस्टॉर्शनशिवाय, मेट्रोनोमवर, संथ लयीत फक्त आघात आणि थांबा. चार आघात, चार मात्रा शांत. खाली वार, वर वार; सगळे खाली वार. हा रियाझ होता, आणि रियाझाला मी घाबरत नाही. स्वच्छ आवाजात आघात सारख्या वजनाचे होऊ लागले, तसतसं गेन चढवल्यावर काही करावं लागेना. गेटची पातळी आपोआप खाली आली, कारण त्याला काम उरलं नव्हतं. पेडल, अँप, गेट यांनी मिळून जेवढा फरक पाडला, त्याहून जास्त फरक या कंटाळवाण्या अभ्यासाने पाडला.

तरी आवाजावर एक माशी भुणभुणत होती. ते काम स्पीकरचं निघालं. खरा अँप बारा इंची स्पीकरच्या खोक्यातून वाजतो, आणि त्या स्पीकरला सुमारे ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं जमतच नाही. ही त्याची असमर्थताच आपल्याला गोड लागते. सॉफ्टवेअरमध्ये हे काम इम्पल्स रिस्पॉन्स नावाची छोटी फाइल करते: अमुक खोकं, अमुक स्पीकर, समोर अमुक ठिकाणी माइक, या सगळ्याचा ठसा. मेटलमध्ये सेलेस्टियन कंपनीचा व्हिंटेज ३० स्पीकर आणि शुअरचा एसएम५७ माइक ही ठरलेली जोडी. फाइल बदलली की अँपच्या सगळ्या खुंट्या फिरवून पडणार नाही एवढा फरक पडतो. माइक शंकूच्या मध्याशी धरलेली फाइल टोचते, कडेकडे नेलेली मऊ होते. त्यावर ८० हर्ट्झच्या खालचं आणि ८-९ किलोहर्ट्झच्या वरचं कापलं, आणि माशी गेली.

या टप्प्यावर मी खूश होऊन आवाज थोडा मोठा केला, आणि सगळं बिघडलं. हळू आवाजात भरदार वाटणारा सूर मोठ्याने घोंगावू लागला, टोचू लागला. याचं कारण फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मांडून ठेवलंय. हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्ज आणि अतितार दोन्ही कमी ऐकू येतात; म्हणून आपण बेस-ट्रेबल वाढवतो, आणि आवाज मोठा केला की ते अंगावर येतात. अँपच्या खुंट्या एकाच, मध्यम पातळीवर ऐकत लावायच्या आणि मग हळू ऐकायचं, हा त्यावरचा मार्ग. सोसायटीत मध्यम पातळी म्हणजे हेडफोन. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि मेटलकोअर त्यात बसत नाही. खालच्या गृहस्थांना मी जाऊन खुलासा केला. त्यांनी हेडफोन कानाला लावून मिनिटभर ऐकलं आणि विचारलं, "इसमें मृदंगम् कब आएगा?"

शेवटचा गोंधळ सर्वांत गमतीचा. इतकं करून माझी गिटार एकटी ऐकली की बारीकच वाटायची. बेस कमी, गेन कमी, मिड मात्र चांगला निम्म्यावर. मला रेकॉर्डमधली भिंत हवी होती. मी वाजवलेला तुकडा कॉपी करून एक डाव्या कानात, एक उजव्या कानात टाकला. काहीच झालं नाही; दोन्ही कानांत अगदी एकच गोष्ट गेली की मेंदू ती मधोमध ऐकतो. भाचा म्हणाला, "कॉपी नाही, पुन्हा वाजव." तोच तुकडा दुसऱ्यांदा वाजवून दुसऱ्या बाजूला टाकला. दोन वाजवण्यांमध्ये कणभर फरक राहतोच, आणि त्या फरकामुळे आवाज दोन्ही बाजूंना पसरतो. फरक मोठा असेल तर मात्र थांबे जुळत नाहीत आणि सगळा घट्टपणा जातो. म्हणजे पुन्हा मेट्रोनोम.

मग त्याने बेस गिटार आणि ड्रमचा ट्रॅक पाठवला. माझ्या दोन गिटारी त्यावर ठेवल्या, आणि ती भिंत उभी राहिली. मी ज्याला गिटारचा खर्ज समजत होते, तो बराचसा बेस गिटारचा होता. जड वाटणारी धडक किक ड्रमची होती. गिटारने त्यांच्या जागेत घुसायचंच नसतं. तिची जागा मधली. मिड शून्यावर नेला तर ती जागाच आपण रिकामी करतो, आणि बाकीची वाद्यं सुरू होताच गिटार दिसेनाशी होते.

माझा निकाल असा. हा आवाज प्रत्येक टप्प्यावर काही ना काही काढून टाकत गेल्यावर मिळतो. गेन काढायचा, खर्ज काढायचा, माशी काढायची, शेजारच्या तारा गप्प करायच्या. उरतं त्याला धार येते. तुमच्यापैकी कोणाला करून पाहायचं असेल तर क्रम हा ठेवा: आधी सॉकेटचं अर्थिंग, मग जाड तारा आणि गिटारचा सेटअप, मग अँप बंद ठेवून उजव्या हाताचा रियाझ. त्यानंतर स्पीकरची फाइल, त्यानंतर पेडल आणि अँप, आणि गेट सर्वांत शेवटी. न्यूरल अँप मॉडेलरसारखं फुकट सॉफ्टवेअर आज मिळतं, तेव्हा महागडा अँप घ्यायची घाई करू नका. तेच पैसे तारांवर आणि चांगल्या कारागिरावर घाला. आणि गेन जिथे बरोबर वाटेल, तिथून एक रेघ मागे या.